‘द पुअर’ खोडताना

पुण्यात बसून मी परदेशी प्रकाशकांच्या इंग्रजी पुस्तकांचं संपादन करते. प्रत्येकाची नियमावली वेगळी, पण हल्ली एक कलम हमखास असतं: ‘द पुअर’ नको, ‘पुअर पीपल’ करा. ‘द एल्डरली’, ‘द डिसेबल्ड’ यांनाही तोच न्याय. इंग्रजीत विशेषणाआधी नुसता ‘द’ लावला की अख्खा समाज उभा राहतो. शेवटी एस नाही, तरी क्रियापद अनेकवचनी. एकट्या माणसाला मात्र ‘अ पुअर’ म्हणता येत नाही. आपल्याकडे ‘एक गरीब’ सहज चालतो, म्हणून ही अडचण आपल्याला टोचत नाही.

यात एकेकटा माणूस गटात हरवतो, हा आक्षेप मला पटतो. पण त्याचं फाइंड-रिप्लेस झालं की डोकं उठतं. एका पुस्तकात 1601 च्या इंग्लंडमधल्या पुअर लॉचं प्रकरण होतं. पॅरिशमध्ये कर गोळा करून गरिबांना मदत पोचवणारा ‘ओव्हरसीअर ऑफ द पुअर’, हे त्याचं अधिकृत पदनाम. माझ्याआधी कुणीतरी त्याचं ‘ओव्हरसीअर ऑफ पुअर पीपल’ करून ठेवलेलं! मी ते पूर्ववत केलं. त्याच पानावर ‘द रिच’ जसंच्या तसं होतं. त्यांना वाईट वाटेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

जानेवारी 2023 मध्ये असोसिएटेड प्रेसने ट्विटरवर असाच सल्ला दिला आणि यादीत ‘द फ्रेंच’ही घातलं. अमेरिकेतल्या फ्रेंच दूतावासाने लगेच स्वतःला ‘फ्रेंचपणाचा दूतावास’ म्हणवून घेतलं. एपीने ट्वीट काढून दिलगिरी व्यक्त केली. आमच्याकडे चहाला तोच विषय. फ्रेंचांनी हसण्यावारी नेलं. पाठीशी दूतावास असला की जमतं ते.

आमचा एक अंध सहकारी स्क्रीन रीडरवर काम करतो. त्यातला आवाज इतका भरधाव की मला एक अक्षर कळत नाही. ‘पीपल विथ व्हिज्युअल इम्पेअरमेंट’ एकाच परिच्छेदात पुन्हापुन्हा आलं तेव्हा तो वैतागला. “मॅडम, सरळ ‘ब्लाइंड’ करा ना! हे ऐकेपर्यंत वाक्य कुठे सुरू झालं ते विसरायला होतं.”

अमेरिकेत अंधांनीच 1940 मध्ये उभारलेल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडने 1993 मध्ये असल्या आडवळणांविरुद्ध ठराव केला. नावातला ‘द ब्लाइंड’ तसाच आहे. लंडनमधल्या अंधांच्या एका जुन्या संस्थेच्या नावात मात्र आधी ‘फॉर द ब्लाइंड’ होतं, 2002 मध्ये त्याचं ‘ऑफ द ब्लाइंड’ झालं आणि 2007 मध्ये ‘ऑफ ब्लाइंड पीपल’. मला विचाराल तर मोठी उडी ‘फॉर’वरून ‘ऑफ’वर येण्याची. त्याच वेळी तिथे सभासदत्वही सुरू झालं.

सध्या हातात एका बहिऱ्या लेखिकेचं पुस्तक आहे. ती सांकेतिक भाषेत वाढलेली, आणि ‘द डेफ’ लिहिते, कॅपिटल डी घालून. नियमावलीप्रमाणे खोडायला हवं. तिला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही, असं प्रकाशकाला कळवलंय.