तेवीस किलो

२ जानेवारी २०१९ च्या संध्याकाळी मी जिममध्ये शिरलो तेव्हा गाणी बंद होती. दादा काउंटरमागे मोबाईल हातात घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "आचरेकर सर गेले."

दादांचा क्रिकेटशी काही संबंध नव्हता. ते कबड्डीचे, डावे कोपरारक्षक. जिल्ह्याच्या संघातून खेळलेले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा ते चाळिशीला टेकले होते आणि उजवा गुडघा कधीच गेला होता. "मी वीस वर्षं लवकर जन्मलो," असं ते हसून म्हणायचे. विषय तिथेच संपायचा.

त्या दिवशी मात्र ते रमाकांत आचरेकरांबद्दल बराच वेळ बोलले. शिवाजी पार्कवर सर सचिनच्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बोलर त्याला आउट करेल त्याचं नाणं, कोणीच करू शकला नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे. त्यांनी कधी 'चांगला खेळलास' म्हटलं नाही, हे तर सचिनने २०१३ मध्ये वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणातच सांगितलं होतं.

"आणि सर स्वतः फर्स्ट क्लास किती खेळले माहितीये?" दादांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. "एक. स्टेट बँकेकडून, एकच मॅच. तरी द्रोणाचार्य मिळालं, पद्मश्री मिळाली. सचिन, कांबळी, आमरे, आगरकर, सगळे त्यांच्या हाताखालचे. आता बोल."

मी काय बोलणार? मला नोकरी लागून जेमतेम सहा महिने झाले होते आणि पाठ दुखते म्हणून मी जिम लावली होती.

काल्हेर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठाण्याहून बाळकुमकडून निघालं की कशेळीची खाडी लागते. ती ओलांडली की अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. एकीकडे आमच्यासारख्यांच्या नव्या सोसायट्या, दुसरीकडे गोडाऊन, मधल्या रस्त्यावर ट्रक आणि मेट्रोचे खांब. तुम्ही ऑनलाइन मागवलेलं मिक्सर किंवा चप्पल बहुधा या भिवंडी पट्ट्यातल्याच कुठल्या तरी गोडाऊनमधून निघालेली असते. दादांचं जिम एका ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या वरच्या मजल्यावर होतं. सोसायटीवाल्यांना महिन्याला आठशे रुपये, गोडाऊनमधल्या पोरांना तीनशे. मी एकदा कारण विचारलं. "ते दिवसभर उचलूनच येतात, मी त्यांना फक्त नीट उचलायला शिकवतो. त्याचे आठशे कसे घेऊ?"

तेच त्यांचं खरं काम होतं. आमच्यासारख्यांना डोले हवे असायचे. पन्नास किलोची गोणी सहज खांद्यावर घेणाऱ्या पोरांना मात्र दादा रिकामी काठी धरून वाकायला लावायचे. काठी डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला एकाच वेळी टेकली पाहिजे. कंबरेतून वाकायचं नाही, खुब्यातून मागे जायचं. ओझं अंगाजवळ ठेवायचं. उचललेल्या ओझ्यासकट धड पिळायचं नाही, पाय वळवायचे. पोरं हसायची. दादा हसायचे नाहीत. "गुडघा गेला तर खेळ जातो," ते म्हणायचे, "कंबर गेली तर घर जातं."

आचरेकर सर गेल्यानंतरच्या आठवड्यात दादांनी आरशाखाली एक रुपयाचं नाणं ठेवलं. सलग वीस वेळा पाठ न वाकवता वजन जमिनीवरून उचलून ठेवणाऱ्याला ते मिळणार. वजन किती हा प्रश्नच नव्हता. मला चौथ्या महिन्यात मिळालं. दादा म्हणाले, "हं." एवढंच.

मी काय काम करतो हे त्यांनी खूप उशिरा विचारलं. मी गोडाऊनचं सॉफ्टवेअर लिहितो. पोरांच्या हातात जो स्कॅनर असतो, त्याच्या पडद्यावर पुढचं खोकं कुठल्या रॅकमध्ये आहे ते दिसतं. त्यामागचा कोड आमच्या टीमचा. कोणी तासाला किती खोकी उचलली हे सुपरवायझरला हिरव्या आणि लाल रंगात दिसतं, तो भाग माझा. मी हे थोड्या अभिमानानेच सांगितलं. शेजारी बाकावर बसलेल्या पोराने मान वर करून पाहिलं. म्हणाला, "तो लाल रंग तुमचा होय?"

दादांनी घाम पुसत विचारलं, "त्यात खोक्याचं वजन असतं का?"

"असतं ना. डेटाबेसमध्ये आहे."

"मग पोराला दिसतं का?"

दिसत नव्हतं. पडद्यावर रॅक नंबर, नग आणि वेळ दिसायची. वजन फक्त ट्रकच्या भाड्याचा हिशोब करायला वापरलं जायचं. मी म्हटलं, तशी रिक्वायरमेंट आलेली नाही. दादा म्हणाले, "मग आता आली समज."

त्या रात्री मी शोधलं. अमेरिकेत नायॉश नावाची कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिचं १९९१ चं ओझं उचलण्याचं एक सूत्र आहे. सगळं अगदी अनुकूल असेल तर शिफारस केलेली मर्यादा २३ किलो. मग ओझं अंगापासून किती लांब, किती उंचीवरून, धड किती पिळावं लागतं, मिनिटाला किती वेळा, पकड कशी, अशा प्रत्येक गोष्टीने ती मर्यादा खाली येत जाते. दादा काठी घेऊन जे शिकवायचे, तेच तिथे गुणाकारात मांडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ते दाखवलं. त्यांनी लक्षपूर्वक पाहिलं आणि विचारलं, "हे त्या पडद्यावर कधी येणार?"

मी 'बघतो' म्हणालो. मग लॉकडाऊन आला, जिम बंद, मी घरून काम करू लागलो. जिम पुन्हा उघडलं तेव्हा मी कधी जायचो, कधी नाही. दादा भेटले की विचारायचे, "आलं का?" मी म्हणायचो, पुढच्या रिलीजला. हळूहळू मी त्यांची वेळ टाळून जायला लागलो. मग जाणंच सुटलं. तीन महिन्यांची फी द्यायची राहिली होती. त्यांनी कधी फोन केला नाही.

२०२४ च्या जूनमध्ये एका पहाटे दादा गेले. हृदयविकाराचा झटका. वय एकोणपन्नास. शेकडो लोकांचं वजन आणि कंबर वहीत लिहून ठेवणाऱ्या माणसाने स्वतःचा ईसीजी कधीच काढला नव्हता. वहिनी म्हणाल्या, छातीत जळजळतंय म्हणाले होते, जेलुसिल घेतलं. अंत्ययात्रेला सोसायटीतली आम्ही पाच-सहा माणसं होतो. बाकी सगळी गोडाऊनमधली पोरं. काही थेट नाइट शिफ्टवरून आली होती, गळ्यात आयकार्ड तसंच. खांदा द्यायला वाकताना त्यांची पाठ सरळ होती. मी तेवढंच बघत राहिलो.

राहिलेले चोवीसशे मी वहिनींना दिले. त्यांनी वही उघडून माझ्या नावापुढे खूण केली. वहीत बहुतेकांच्या नावापुढे काही ना काही बाकी होतंच.

मग मी ते तिकीट टाकलं. दोन मागण्या केल्या. खोक्याचं वजन पडद्यावर दाखवा आणि २३ किलोच्या वर 'दोघांनी उचला' असा इशारा द्या. दुसरी, जड खोक्यांसाठी तासाचं टार्गेट कमी करा. पहिली मंजूर झाली. कोड लिहायला एक दिवस लागला. पाच वर्षं टाळलेलं काम एका दिवसाचं होतं. दुसरी मागणी 'नंतर बघू'मध्ये गेली.

जिम आता दादांचा पुतण्या चालवतो. मी परत जायला लागलो आहे. मागच्या महिन्यात त्या बाकावरच्या पोराला विचारलं, इशारा येतो का?

"येतो ना," तो म्हणाला. "मग अंगठ्याने ओके दाबायचं आणि एकट्याने उचलायचं. दुसरा माणूस आणायला गेलो तर तुमचा लाल रंग लागतो."

दादांनी विचारलं असतं, आलं का? मी काय सांगितलं असतं, अर्धं आलं म्हणून?

घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि दुसऱ्या मागणीचं तिकीट पुन्हा वर काढलं.