वेठीचे शिपाई

अद्भुतकथेंतील राजाला सैन्य लागतें तेव्हां तें येतें कोठून, हा प्रश्न जुन्या कथाकारांस फारसा पडत नसे. राजानें नौबत वाजवावी आणि सैन्य उभें राहावें, एवढ्यावर त्यांचें काम भागे. अलीकडे ज्या कथांना ‘डार्क फँटसी’ म्हणतात आणि ज्यांना आम्ही आमच्यापुरतें ‘काळोखी अद्भुतकथा’ म्हणतों, त्यांच्या लेखकांना मात्र हा प्रश्न पडूं लागला आहे. आणि ही त्या वाङ्मयाची मोठीच जमेची बाजू होय, असें आम्हांस वाटतें. या कथांत चेटूक असतें, राक्षस असतात, मेलेलीं माणसें बर्फांतून उठून चालूं लागतात. परंतु त्यांच्यासमोर भाला घेऊन उभा केलेला शिपाई बहुधा मनाविरुद्ध आणलेला, वेठीस धरलेला असतो. त्याला युद्ध नको असतें. तो कां आला, त्याचें मागें काय राहिलें, हें सांगणें मग लेखकास भाग पडतें. आणि येथेंच गाडी अडते.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठीं आलेल्या कथा वाचण्याचें काम आमच्याकडे असतें. या जातीच्या कथा आतां तेथेंहि येऊं लागल्या आहेत. त्यांतील प्रत्येक वेठीच्या शिपायाबरोबर एक दारुण पूर्वकथा चालत येते. एकाचा गांव जाळलेला असतो, दुसऱ्याची आई डोळ्यांदेखत मारलेली असते, तिसऱ्याची बहीण पळविलेली असते, आणि चौथ्यावर हीं तिन्ही संकटें एकाच रात्रीं कोसळलेलीं असतात. दुःखाचा दाखला आणल्यावांचून कोणासहि फौजेंत घेऊं नये, असा हुकूमच त्या राज्यांत निघाला असावा असा संशय येतो! अशा एका कथेच्या लेखकास आम्हीं विचारलें, “अरे, तुझ्या शिपायाला लढाई नको आहे, एवढें पुरें नाहीं का? त्याचें सारें घर कशाला मारलेंस?” त्यानें शांतपणें उत्तर दिलें, “सर, कारण दिलें नाहीं तर वाचक त्याला भित्रा म्हणतील.”

हें उत्तर आम्हांस कथेपेक्षां अधिक विचार करण्यासारखें वाटलें, आणि त्याकडे आम्ही पुढें वळणार आहोंत. आधीं एक साधी तर्काची गोष्ट. ज्याचें घर जळालें, माणसें मेलीं, त्याला सैन्यांत ओढून न्यावें लागत नाहीं. तो आपण होऊन भाला शोधीत येतो. त्याला सूड हवा असतो, किंवा निदान मरण तरी हवें असतें. ओढून न्यावें लागतें तें त्याला, ज्याचें घर अद्याप उभें आहे. अनिच्छेला मागें कांहींतरी शिल्लक असावें लागतें: अर्धी कापणी झालेलें शेत, गाभण गाय, पावसाळ्यापूर्वीं शाकारावयाचें छप्पर. आमचे तरुण लेखक शिपायाची अनिच्छा सिद्ध करण्याकरितां त्याचें सर्वस्व जाळतात, आणि ज्यामुळें तो अनिच्छ झाला असता नेमकें तेंच त्यांच्या हातून जळून जातें.

शेक्सपिअरला हें पक्कें ठाऊक होतें. ‘चौथा हेन्री’ या नाटकाचे दोन भाग १५९८ व १६०० या सालीं छापून निघाले. पहिल्या भागांत फॉलस्टाफ राजाच्या हुकुमाच्या जोरावर भरती कशी करतो तें तो स्वतःच सांगतो. तो हेरून हेरून धरतो ते घरंदाज शेतकऱ्यांचे मुलगे आणि ज्यांच्या लग्नाची चर्चमध्यें दोनदां जाहीर घोषणा होऊन गेली आहे असे नवरदेव. कारण उघड आहे. ज्याला घरीं राहावयाचें आहे तोच सुटकेसाठीं पैसे मोजील. दीडशें शिपायांच्या मोबदल्यांत त्यानें तीनशेंवर पौंड कमावले, आणि मोकळ्या झालेल्या जागीं ज्यांना पाठीमागें कांहींच नाहीं अशीं दरिद्री माणसें भरलीं. श्रूझबरीच्या लढाईनंतर त्या दीडशांतले तीनहि धड उरले नाहींत, हेंहि त्याच्याच तोंडून जातां जातां कळतें.

दुसऱ्या भागांत ही भरती आपल्या डोळ्यांसमोर होते. ग्लॉस्टरशायरमधील एका न्यायाधीशाच्या अंगणांत पांच खेडूत उभे केले जातात. मोल्डी म्हणतो कीं, तो गेला तर त्याच्या घरच्या म्हातारीचें शेतकाम करावयास कोणी उरणार नाहीं. बुलकाफ खोकल्याचें निमित्त सांगतो. आणि हा खोकला त्याला जडला आहे तो राजाच्याच राज्यारोहणाच्या दिवसासाठीं घंटा वाजवितांना! बायकांचे कपडे शिवणारा फीबल तेवढा धीराचे शब्द बोलतो. मोल्डी आणि बुलकाफ लाच देऊन सुटतात, त्या लाचेंतला एक पौंड मधल्यामध्यें नोकर दाबतो, आणि सशक्त घरीं जाऊन अशक्त रणांत जातात. प्रेक्षक हंसतात, आणि हंसावें अशीच ती योजना आहे. पण वर्गांत हा प्रवेश शिकवितांना मोल्डीच्या म्हातारीपाशीं आमची वाणी दर वर्षीं थोडी अडखळते. ती म्हातारी रंगभूमीवर येत नाहीं. तिला कोणीं मारलेलें नाहीं, पळविलेलें नाहीं. ती फक्त म्हातारी आहे. एवढ्या पूर्वकथेवर मोल्डी चारशें वर्षें जिवंत राहिला आहे.

रशियांत हें प्रकरण विनोदाचें नव्हतें. पीटर बादशहानें १७०५ सालीं सक्तीची भरती सुरू केली तेव्हां ती चाकरी जन्मभराची होती. १७९३ सालीं ती पंचवीस वर्षांवर आणण्यांत आली. कपाळावरचे केस भादरले कीं माणूस फौजेचा झाला. पळाला तरी ओळखूं यावा म्हणून. खेड्यांतल्या बायका अशा मुलाला निरोप देतांना प्रेतापुढें म्हणावयाचीं तसलीं शोकगीतें म्हणत. मुलगा मात्र समोर धडधाकट उभा असे.

आतां पुन्हां अद्भुतकथेकडे येऊं. जॉर्ज मार्टिन हे अमेरिकन लेखक व्हिएतनामच्या युद्धांत गेले नाहींत; सदसद्विवेकबुद्धीला युद्ध मान्य नाहीं असें सांगून त्यांनीं सूट मिळविली आणि तिच्या बदल्यांत १९७२ ते १९७४ पर्यंत समाजसेवेची नोकरी केली. त्यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ या १९९६ सालच्या कादंबरींत उत्तरेकडील प्रचंड बर्फाच्या भिंतीवर जे काळे कपडेवाले पहारेकरी आहेत, ते बहुतेक असे नाइलाजानें आलेले. एकदां शपथ घेतली कीं बायको नाहीं, मुलें नाहींत, जमीन नाहीं. आणि पळाल्यास शिरच्छेद. सॅमवेल नांवाच्या स्थूल व भित्र्या मुलाला त्याचा बाप सांगतो कीं, काळे कपडे घाल, नाहीं तर उद्यांच्या शिकारींत तुला अपघात होईल. ही पूर्वकथा वाचकांस फार आवडली आहे, आणि ती प्रभावी आहेच. पण आम्हांस त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानांवरचा विल अधिक मोलाचा वाटतो. तो चोरून शिकार करणारा. सरदाराच्या रानांत सरदाराच्याच हरणाचें कातडें सोलीत असतां सांपडला, आणि ‘हात तोडून घेतोस कीं भिंतीवर जातोस’ असें त्याला विचारण्यांत आलें. एवढेंच. पाऊल न वाजवितां रानांत हिंडण्याची त्याची कला मग पहाऱ्याला उपयोगी पडते, म्हणून त्याला पुढें टेहळणीस धाडतात, आणि त्या टेहळणींतच तो मरतो. जी विद्या त्याच्या अपराधाला कारण झाली तीच त्याच्या मरणालाहि! अश्रु गाळणारा एकहि शब्द लेखकानें तेथें खर्चिलेला नाहीं.

एक अपवाद आम्हांस मान्य केला पाहिजे. जेथें शिपायाचें सर्वस्व खरोखरच हिरावून मग त्याला हत्यार दिलें जातें, तेथें वरचा तर्क लागू पडत नाहीं. मार्टिन यांच्याच २००० सालच्या ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’मध्यें लहानपणीं गुलाम करून घडविलेले शिपाई आहेत; किडामुंगीचीं नांवें त्यांना दिलेलीं, आणि तींहि रोज चिठ्ठी काढून बदलावयाचीं. मुक्त झाल्यावर त्यांचा नायक आईबापांनीं ठेवलेलें नांव परत घेत नाहीं. तें नांव असतांना आपण गुलाम झालों, म्हणून तें अशुभ, असें तो म्हणतो. येथें लेखकानें पूर्वकथा सांगितलेली नाहीं. ती चोरीस गेली आहे एवढेंच दाखविलें आहे.

टोल्किन यांनीं तर याहूनहि कमी सांगितलें. १९१६ सालीं ते सॉमच्या लढाईंत अधिकारी म्हणून होते, आणि त्या युद्धांत त्यांचे जिवलग मित्र गेले. १९५४ सालच्या ‘द टू टॉवर्स’मध्यें सॅम हा साधाभोळा माळी प्रथमच माणसांची माणसांशीं लढाई पाहतो. शत्रूकडील एक दाक्षिणात्य शिपाई त्याच्या पुढ्यांत मरून पडतो. त्याचा चेहरा दिसत नाहीं हें बरें, असें सॅमला वाटतें. त्याचें नांव काय असेल, तो खरोखर दुष्ट होता का, कोणत्या थापांनीं किंवा धमक्यांनीं त्याला इतक्या दूर आणलें, तो घरीं राहण्यास राजी होता का, हे प्रश्न त्याच्या मनांत येतात. एवढ्यांत प्रचंड हत्ती धडधडत येतो आणि विचार तुटतो. उत्तर मिळत नाहीं. त्या दाक्षिणात्याचें आपणांस पुढें कधींहि कांहीं कळत नाहीं.

आतां त्या विद्यार्थ्याचें म्हणणें. कारण दिल्यावांचून न लढण्याची इच्छा धरणारा माणूस भित्रा ठरतो, हा वाचकाचा न्याय त्यानें गृहीत धरला होता. आणि वाचकांविषयीं त्याचा अंदाज चुकीचा आहे असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. ज्याला आपण सहानुभूति म्हणतों ती बरेचदां अशी जकातनाक्यावर बसलेली असते. पुरेसें दुःख भरल्यावांचून ती कोणास आंत सोडीत नाहीं. पण हा न्याय आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे, असें जर कोणी म्हणेल तर त्यानें महाभारतांतील स्त्रीपर्व उघडून पाहावें.

युद्ध संपलें आहे. धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो कीं, किती मेले आणि मेलेले कोणत्या गतीला गेले. युधिष्ठिर आंकडे सांगतो. बेपत्ता झालेले २४,१६५ तेवढे वेगळे मोजतो. मग गति सांगतो. जे आनंदानें लढून मेले ते इंद्राच्या लोकाला गेले. जे आनंदानें नव्हे, तर आतां मरणें प्राप्तच आहे अशा खिन्न मनानें लढले आणि मेले, ते गंधर्वांकडे गेले. आणि जे रणांत याचना करीत, तोंड फिरविलेले असे शस्त्रानें मेले, ते गुह्यकांकडे, म्हणजे कुबेराच्या परिवाराकडे, गेले. गतींत पायऱ्या आहेत, हें खरें; क्षत्रियांच्या ग्रंथांत त्या असणारच. परंतु खिन्न मनाच्या शिपायाला तो खिन्न कां होता हें कोणी विचारीत नाहीं, आणि पाठ फिरविलेल्यालाहि नरकांत ढकललेलें नाहीं.

त्यानंतर धृतराष्ट्र दुसरा प्रश्न विचारतो: ज्यांचें कोणी नाहीं त्यांचें दहन कोणी करावयाचें? युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य इत्यादिकांस आज्ञा करतो. नाना देशांहून आलेले ते अनाथ एकत्र गोळा केले जातात, आणि विदुर त्यांना अग्नि देतो.