'हो जी' आणि 'ओपो'

भाची डॉक्टरकी शिकायला मनिलाला गेली, तेव्हा एकोडीत आईचा घोर एकच: "तिथं पोरीले जेवली का म्हनून कोन इचारीन?"

परवा गावी गेलो होतो. व्हिडिओ कॉलवर भाचीनं आम्हाला टागालोग शिकवलं. 'सालामात' म्हणजे धन्यवाद. 'कुमाइन का ना बा?' म्हणजे जेवलीस का? घरमालकीण रोज हेच विचारते म्हणे! मोठ्यांशी बोलताना मागं 'पो' लावायचं. 'हो'चं होतं 'ओपो'.

"म्हंजे आपलं 'हो जी'च," आई म्हणाली.

हाच 'जी' मी पुण्यात लोक हसतात म्हणून सोडला होता. (वीस वर्षं झाली.)

तेवढ्यात घरमालकीणच पडद्यावर आली. आईनं हात जोडले, "सालामात जी!"

मी शेजारून 'पो, पो' म्हणत राहिलो. तिनं लक्षच दिलं नाही.