हातानें घडविलेला स्वर

बाजारांत तयार वाद्यें व संगणक मिळत असतां मुलांनीं सर्किटबोर्डास डाख देत कां बसावें, असें कित्येक पालक आम्हांस विचारितात. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर येथें देतों.

आमच्या शाळेंतील मुलें ‘५५५’ नामक चिपपासून स्वर काढितात. हान्स कामेन्झिंड यांनीं १९७१ सालीं तिची रचना केली. दोन रोधकांच्या द्वारें एक धारित्र भरतें व रितें होतें. हें सेकंदास ४४० वेळां घडलें कीं ध्वनिक्षेपकांतून तितक्याच कंपनांचा स्वर उमटतो. धारित्र निम्म्या धारकतेचें लाविलें कीं तोच स्वर वरच्या सप्तकांत जातो. उलट, तें पुष्कळ मोठें लाविलें कीं सेकंदास एकच ठोका पडतो. हाच ठोका १९७५ सालच्या ‘६५०२’ चिपच्या ‘६५सी०२’ या वंशजास दिला म्हणजे जुन्या धर्तीचा संगणक एकेक पाऊल टाकूं लागतो, आणि प्रत्येक पाऊल दिव्यांवर पाहतां येतें.

गतवर्षीं अपूर्णांकांस भिणाऱ्या एका मुलाचा बोर्ड चार दिवस मुकाच राहिला. वडील नवा आणून देण्यास सिद्ध होते. पण त्यानें मीटर घेऊन एकेक सांधा तपासिला व कच्चा राहिलेला डाख शोधून काढिला. पुढें रोधकांचा हिशेबही त्यानें आपण होऊन केला.

पालकहो, तयार वस्तु बिघडली कीं मुलगा दुकानाकडे पाहतो. स्वतः घडविलेली बिघडली कीं तो कारण शोधूं लागतो. ही संवय विकत मिळत नाहीं. तिच्यासाठीं सायंकाळचा एक तास मुलांस द्यावा, इतकेंच आमचें मागणें आहे.