डेटॉलचा दुसरा संसार

आपल्या घरात डेटॉलला जुना मान आहे. बाळंतिणीचे कपडे, खरचटलेला गुडघा, दाढीचं पाणी, सगळीकडे ते हजर. मधाच्या रंगाचं, झाकण उघडलं की वासानेच ओळख देणारं आणि पाण्यात पडताक्षणी दुधाळ होणारं. तो दुधाळपणा दिसला की घरातल्या मोठ्यांना बरं वाटतं.

इंग्लंडात त्याने आणखी एक संसार मांडला आहे. नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी वॉरहॅमर या खेळासाठी बोटभर उंचीचे शिपाई बनवते. खेळ 1983 चा. तेव्हाच्या पोरांनी हे शिपाई हौसेने रंगवले, थरावर थर चढवले. नाकडोळे, चिलखताच्या कड्या, पट्ट्याची बक्कल, सगळं त्याखाली बुजून गेलं. आता ते शिपाई माळ्यावरून खाली येतात, हातोहात विकले जातात आणि घेणाऱ्याला मूळची घडण बघायची असते.

त्यासाठी जुना रंग काढावा लागतो. ॲक्रिलिक रंग ओला असेपर्यंत पाण्याचं ऐकतो. वाळताना त्यातले सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा धरतात आणि मग पाणी कितीही ओता, ढिम्म. ॲसिटोन लावावं तर पॉलिस्टायरीनचा शिपाईच विरघळतो. डेटॉल मात्र फक्त रंगाशी भांडतं. आपल्याकडच्या बाटलीवर क्लोरोझायलेनॉल 4.8 टक्के, टर्पिनिऑल 9 टक्के, अल्कोहोल 13.1 टक्के असं छापलेलं असतं; तिकडच्या बाटलीत पाइनचं तेल असतं. जंतू मारण्याचं श्रेय क्लोरोझायलेनॉलचं, पण रंगाच्या पापुद्र्यात शिरून त्याची पकड सोडवण्याचं काम तेलाचं आणि अल्कोहोलचं. धातूला किंवा कडक प्लॅस्टिकला सहसा धक्का लागत नाही. रेझिनचा भरवसा नाही, तिथे आधी एखादा तुकडा बुडवून बघावा. एवढी ताकद अंगात असून काय राखायचं याचं भान असणं, हा मला या द्रवाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

शिपाई झाकणाच्या बरणीत बिनपाण्याच्या डेटॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवतात. सकाळी रंगावर तापल्या दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या आलेल्या असतात. दात घासायचा जुना ब्रश फिरवला की लाल, मग निळा, मग खालचा काळा असे थर निघतात आणि एकेक कडी मोकळी होते. भुवईची रेघ दिसते. मूठ समजलेल्या गोळ्यातून पाच बोटं वेगळी होतात.

या टप्प्यावर नळाखाली धरायचा मोह होतो, आणि तो टाळायचाच. पाणी लागलं की तेल बारीक थेंबांनी वेगळं होतं आणि सुटत आलेला रंग चिकट चिखल होऊन खाचाखाचांत बसतो. घरात ज्या दुधाळपणाचं आपल्याला कौतुक, तोच इथे काम बिघडवतो. म्हणून पहिली घासणी डेटॉलमध्येच, दुसरी ताज्या डेटॉलमध्ये आणि अंग पुरतं स्वच्छ झाल्यावरच साबणाचं पाणी.

1933 साली लंडनच्या क्वीन शार्लट्स रुग्णालयातले लिओनार्ड कोलब्रूक यांनी प्रसूतीच्या वेळी हात निर्जंतुक करण्यासाठी क्लोरोझायलेनॉलच्या याच औषधाचा अभ्यास मांडला. बाळंतज्वराने बायका दगावत होत्या, तो काळ. तेव्हा हातांसाठी आलेलं हे औषध बिनपाण्याचं असताना हातांना सोसत नाही. कातडी कोरडी पडते, जळजळते. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. घरात मांजर असेल तर बरणी तिच्या वाटेत मुळीच नको, कारण असली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत.

वापरलेलं डेटॉल लगेच टाकून देत नाहीत. गाळ तळाशी बसू देतात, वरचं फडक्यातून गाळून पुढच्या शिपायांसाठी भरून ठेवतात. ते गढूळ असतं, वास मात्र तोच. म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘फक्त रंगासाठी’ असं लिहून ती औषधांच्या कपाटापासून लांब ठेवावी लागते.