मूत्रपिंडाच्या धमनीतील फुगा : निदान आणि उपचार

मूत्रपिंडाला रक्त नेणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत होऊन बाहेर फुगते, तेव्हा त्या विकाराला धमनीविस्फार म्हणतात. दवाखान्यात ‘किडनीच्या नसेला फुगा आहे’ एवढेच सांगतात. फुगा बहुधा मुख्य धमनीला फाटे फुटतात तिथे धरतो. हजारात साधारण एखाद्याला तो असतो, आणि स्त्रियांमध्ये जास्त. धमनीकाठिण्य, दुखापत आणि धमन्यांचा दाह ही त्याची काही कारणे. तरुण स्त्रियांत मात्र फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया या विकाराचा विचार आधी करावा लागतो. त्यात धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते.

बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. काहींची कूस दुखते, लघवीतून रक्त जाते; रक्तदाब तर बऱ्याच जणांचा वाढलेला असतो. प्रस्तुत लेखिका शनिशिंगणापूरची. तिशीच्या आतच तिला बीपीची गोळी लागली होती, पण कारण कोणी शोधले नव्हते. पित्ताशयातील खड्यांसाठी नगरला केलेल्या सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडाजवळ गोल सावली दिसली आणि डॉप्लरमध्ये त्या सावलीत रक्त फिरताना दिसले.

नक्की निदान सीटी अँजिओग्राफीने होते. त्याआधी क्रिएटिनिन तपासतात, कारण शिरेतून देण्याचे औषध मूत्रपिंडाला सोसले पाहिजे. ते आत जाताच अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखे वाटते. हे आधी सांगितलेले असले की रुग्ण घाबरत नाही. फुग्याचा आकार, त्याचे तोंड आणि त्यातून निघणाऱ्या शाखा या तपासणीत स्पष्ट होतात.

उपचार केव्हा, हा खरा प्रश्न. अमेरिकेतील सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीच्या 2020 च्या सूचनांनुसार, त्रास नसलेला फुगा 3 सेंटिमीटरहून मोठा झाल्यास दुरुस्त करावा. लहान असेल तर ठरावीक काळाने तपासत राहावे. मात्र पुढे गर्भधारणा संभवत असेल तर आकार कितीही असो, दुरुस्ती सुचवली आहे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, फुगा फुटला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. लेखिकेचा फुगा दीड सेंटिमीटरच्या आसपास होता, पण तिला मूल हवे होते. शिवाय शनी अमावास्येला शिंगणापूरहून घोडेगावकडे जाणारा रस्ता दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्यांनी भरून जातो. अशा दिवशी रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला शहरात नेणे किती कठीण, हे गावातल्यांना ठाऊक आहे. निर्णय लगेच झाला.

जांघेतील धमनीतून बारीक नळी मूत्रपिंडापर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारांची वेटोळी, म्हणजे कॉइल, भरतात. तोंड रुंद असेल तर आधाराला स्टेंट लागतो. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. मूत्रपिंडाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर कूस दुखते, ताप येतो; लेखिकेला दोन्ही झाले आणि औषधांनी ओसरले. शाखांच्या गुंत्यातील फुग्याला उघडी शस्त्रक्रिया बरी: फुगा कापून शिरेचे ठिगळ लावतात किंवा पायातील शीर घेऊन बायपास करतात. फारच अवघड असेल तर मूत्रपिंड बाहेर काढून, दुरुस्त करून, ओटीपोटात पुन्हा बसवतात.

फुगा बंद झाला म्हणजे रक्तदाब उतरलाच असे नाही. लेखिकेची गोळी चालूच आहे, आणि तपासण्याही. तरुण वयात बीपी वाढलेल्या प्रत्येक स्त्रीने मुलाचा विचार करण्याआधी मूत्रपिंडाच्या धमन्या तपासायला हव्यात का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.