विंचू उतरतो तेव्हा

मराठीत विष चढते आणि उतरते, विंचूसुद्धा 'उतरवतात'. पुण्यातल्या माझ्या वर्गातील मुलांना या क्रियापदाची मोठी गंमत वाटते. मला ती तितकी वाटत नाही. माझ्या आजीचा धाकटा दीर कोकणात भातकापणीच्या दिवसांत लाल विंचवाने गेला. उतरवणारा येऊन गेला होता, ठणकाही थांबला होता. घरची माणसे निर्धास्त निजली आणि पहाटे त्याच्या तोंडाला फेस आला.

ठणका थांबला, पण विंचू उतरला नव्हता. आपल्या मज्जातंतूंना क्षारांचे विद्युत्‌भारित कण आतबाहेर सोडणाऱ्या इवल्या खिडक्या असतात. निरोप पुढे गेला की सोडियमची खिडकी मिटायची, पोटॅशियमची उघडायची आणि तंतूने गप्प बसायचे, असा शिरस्ता. लाल विंचवाचे विष पहिलीला मिटू देत नाही, दुसरीला उघडू देत नाही. मग तंतू वाड्यातल्या नळावरच्या भांडणासारखा थांबायचे नावच घेत नाही! ॲड्रिनॅलिन आणि त्याचे भाईबंद रक्तात लोटतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत त्यांच्याच मापाची कुलपे असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'ग्राही' म्हणतात. किल्ली बसली की वाहिनी आवळते. दरदरून घाम, हातपाय गार. रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी भरते.

महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मरण वारंवार पाहत होते. त्यांनी रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवला. (माझ्या मते खरे संशोधन ते हेच.) त्यातून त्यांच्या हाती लागले ते प्राझोसिन, रक्तदाबाची एक साधी गोळी. ती विषाच्या वाटेला जात नाही. ती ॲड्रिनॅलिनच्या आधी कुलपात जाऊन बसते, पण कुलूप फिरवीत नाही. किल्ल्या बाहेर ताटकळतात, वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार हलका होतो. १९८६ साली बावस्कर दांपत्याने हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. पूर्वी विष अंगात भिनलेल्यांपैकी शंभरी तीसच्या आसपास माणसे दगावत. हे प्रमाण पुढे एकाच्याही खाली आले. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

आमच्या शेजारचे नाना हीच गोळी रोज रात्री घेतात आणि झटकन उठले की घेरी येते म्हणून कुरकुरतात. नानांची घेरी आणि महाडच्या रोग्याचे वाचणे, दोन्ही त्याच कुलपाची करणी. म्हणून तर विंचवाच्या रोग्यालाही गोळी दिल्यावर आडवेच ठेवतात.

विषाला थेट गाठते ते प्रतिविष. ते मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार झाले. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बावस्करांनीच दाखवले की, गोळीच्या जोडीला प्रतिविष दिले तर रोगी आणखी लवकर सावरतो. मात्र प्रतिविष हाताशी नसले, तरी गोळीसाठी थांबावे लागत नाही.